परदेशात कॉन्फरन्सला पहिल्यांदाच चाललायत? मग टॉकच्या तारखेपासून उलटं मोजायला लागा

कॉन्फरन्ससाठी परदेशात जाणं आणि सुट्टीत फिरायला जाणं वरवर बघता सारखंच, तेच विमान, तेच हॉटेल, तोच व्हिसा. पण फिरायला जाताना व्हिसा आठ दिवस उशिरा आला तर ट्रिप आठ दिवस पुढे ढकलता येते. कॉन्फरन्समध्ये तुमचा टॉक मंगळवारी सकाळी साडेनऊला म्हणजे साडेनऊलाच, तुमच्यासाठी कोणी हॉल अडवून ठेवत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हेच सांगतो की कॅलेंडर उघडा, टॉकची तारीख लिहा आणि तिथून मागे मोजत या. खाली साधारण त्याच क्रमाने लिहिलंय, जे सगळ्यात आधी करायचं ते सगळ्यात वर.

पेपर ॲक्सेप्ट झाला त्याच आठवड्यात

पार्टी नंतर, आधी पासपोर्ट काढून एक्सपायरी बघा. बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, हिशोब जरा वेगळा आहे, तिथून निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने व्हॅलिड हवा, गेल्या १० वर्षांत इश्यू झालेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. कोरी पानं कोणी मोजत नाही आणि मग व्हिसा सेंटरच्या काउंटरवर कळतं की स्टॅम्प मारायला जागाच नाही. रिन्यू करायचा असेल तर आत्ताच करा, कारण व्हिसाच्या फॉर्मवर पासपोर्ट नंबर जातो आणि मध्येच पासपोर्ट बदलला की इन्व्हिटेशन लेटरपासून सगळं परत करावं लागतं.

मग नाव. रजिस्ट्रेशन, इन्व्हिटेशन लेटर, तिकीट, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट. पेपरवर तुम्ही नुसतं आद्याक्षर लावत असाल, लग्नाआधीचं आडनाव वापरत असाल, तर ते पेपरवर ठेवा, बॅजवर पण चालेल, पण लेटर आणि तिकिटावर नको. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे त्यांनी तर एअरलाइनला आधीच विचारून घ्यावं, आणि अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापून आलं तर घाबरू नका, नाव एकच असलं की ते तसंच छापतात.

इन्व्हिटेशन लेटर बहुतेक ठिकाणी रजिस्ट्रेशन फी भरल्याशिवाय देत नाहीत आणि नुसतं 'तुम्हाला आमंत्रण आहे' एवढं लिहिलेलं लेटर फारसं कामाचं नसतं. त्यात तुमचं पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, कॉन्फरन्सच्या तारखा, व्हेन्यूचा पत्ता, तुम्ही काय प्रेझेंट करताय त्याचं टायटल आणि मुख्य म्हणजे खर्च कोण करतंय हे आलं पाहिजे. आयोजक 'आम्ही खर्च करत नाही' असं लिहितात, मग तो कोण करतंय याचं पत्र तुमच्या संस्थेकडून किंवा कंपनीकडून वेगळं घ्या. दोन्ही पत्रांतल्या तारखा जुळतायत ना ते स्वतः वाचून बघा, मेल आली की तशीच फॉरवर्ड करू नका.

फी भरण्याआधी अजून एक. तुमच्या विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या कॉन्फरन्समधून 'आपण प्रमुख वक्ते म्हणून या' अशी गोड मेल आली, ॲब्स्ट्रॅक्ट पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी ॲक्सेप्ट झालं आणि लगेच पैसे मागितले तर तिथेच थांबा. असल्या कॉन्फरन्स हॉटेलच्या एखाद्या खोलीत दहा-पंधरा लोकांसमोर उरकतात आणि तिथलं लेटर घेऊन गेलात तर व्हिसा ऑफिसरलाही शंका येते. कमिटीत नाव असलेल्या एखाद्याला सरळ मेल टाकून विचारा, कित्येकदा त्यांना स्वतःलाच पत्ता नसतो की आपलं नाव तिथे आहे. आणि कॉन्फरन्स खरी असली तरी व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळते का, कुठल्या तारखेपर्यंत, ते पॉलिसीत शोधा. अशी सोय बरेच जण देतात पण तारीख उलटून गेली की हात वर करतात.

व्हिसा, जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो

इथे घाई उपयोगाची नाही आणि आळसही नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात पण ४५ दिवसांपर्यंत ताणू शकतात. आता उलटं मोजा म्हणजे कळेल की १५ दिवस आधी अर्ज करणं कागदावर चालत असलं तरी प्रत्यक्षात तो जुगार आहे. त्यात अपॉइंटमेंट मिळायलाच कित्येक आठवडे जातात, उन्हाळ्यात तर विचारूच नका. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. विमान पॅरिसला उतरतंय पण कॉन्फरन्स व्हिएन्नात चार दिवस आहे तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. दिवस सारखेच असतील तरच आधी जिथे शिरणार तो देश. आणि कॉन्फरन्सनंतर दुसऱ्या देशात आठवडाभर फिरायचा बेत असेल तर मुख्य देशच बदलू शकतो हे लक्षात घ्या, लोक नेमके इथेच फसतात. मुक्कामाची मर्यादा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, त्यामुळे त्याच वर्षात आधी युरोपात राहून आला असाल तर ते दिवस पण धरायचे.

शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत आणि यादी डोळ्यांखालून घालाच, कारण युरोप म्हणजे शेंगेन नाही. डब्लिनमधल्या कॉन्फरन्सला शेंगेन व्हिसा चालत नाही, आयर्लंडचा वेगळा लागतो, लंडनचा त्याहून वेगळा. उलट स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे.

ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा कॉन्फरन्सला चालतो, प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि साधारण ३ आठवड्यांत निर्णय येतो. ज्यांना ब्रिटनचा व्हिसा लागत नाही अशा बहुतेक पासपोर्टवाल्यांना आता ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावं लागतं, त्यामुळे 'आपल्याला व्हिसा लागत नाही' म्हणून निवांत बसू नका. अमेरिकेत तसंच, व्हिसा माफ असलेल्या देशांच्या लोकांना एस्टा, बाकीच्यांना कॉन्फरन्ससाठी बी-१ व्हिसा. इंटरव्ह्यूची तारीख मिळायला किती वेळ लागतो ते प्रत्येक शहरातल्या वकिलातीप्रमाणे बदलतं, म्हणून आधी वेटिंग बघा आणि मग पुढचं ठरवा. एआय, सेमीकंडक्टर, न्यूक्लिअर, ड्रोन असल्या विषयांत काम करणाऱ्यांची फाइल इंटरव्ह्यू चांगला होऊनसुद्धा जादा तपासणीसाठी बाजूला पडू शकते आणि ती कधी सुटेल याचा नेम नसतो. अशा विषयातले असाल तर जवळ सीव्ही, पब्लिकेशनची यादी आणि कामाचं साध्या भाषेतलं एक पानी वर्णन ठेवा, काउंटरपलीकडच्या माणसाला तुमचं ॲब्स्ट्रॅक्ट कळणार नाहीये.

पैसे मिळणार असतील, म्हणजे मानधन वगैरे, तर ते आधी विचारून घ्या. अमेरिकेत बी-१ वर विद्यापीठ किंवा तशा संस्थेकडून मानधन घेता येतं पण एका ठिकाणी जास्तीत जास्त ९ दिवस आणि ६ महिन्यांत ५ पेक्षा जास्त संस्थांकडून नाही. इतर देशांचे नियम वेगळे, 'छोटीशी रक्कम आहे' म्हणून सोडून देऊ नका.

आणि ट्रान्झिट! मधल्या विमानतळावर नुसतं विमान बदलायचंय तरी व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत ट्रान्झिटवाल्यांनाही इमिग्रेशनमधून जावंच लागतं, म्हणजे मेक्सिको किंवा कॅनडाच्या कॉन्फरन्सला अमेरिकेमार्गे जाणाऱ्याला ट्रान्झिट व्हिसा किंवा एस्टा पाहिजेच. शेंगेन आणि ब्रिटनमध्ये काही देशांच्या पासपोर्टला बाहेर न पडतासुद्धा एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागतो. म्हणून तिकीट घ्यायच्या आधी मधल्या प्रत्येक विमानतळाचं चेक करा, स्वस्त तिकिटात दोन स्टॉप असतात आणि त्यातला एक नेमका असला निघतो.

तिकीट

व्हिसा हातात नसताना नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका. शेंगेनच्या अर्जासाठी रिझर्व्हेशन दाखवलं तरी पुरतं, पैसे भरलेलं तिकीटच हवं असं नाही.

टॉकच्या दिवशी सकाळी पोचणारी फ्लाइट घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे. विमान लेट होतं, बॅग येत नाही, इमिग्रेशनला दोन तास लाइन लागते, आणि यातलं काहीच झालं नाही तरी तुमचं डोकं अजून मागच्याच टाइमझोनमध्ये असतं. शरीराला नव्या वेळेशी जुळवून घ्यायला ढोबळमानाने एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे जाताना बहुतेकांना जास्त त्रास होतो. म्हणजे आठ तासांचा फरक असेल तर कॉन्फरन्स संपेपर्यंत तुम्ही पूर्ण ताळ्यावर येणारच नाही, ते गृहीत धरा आणि निदान टॉकच्या आधी एक अख्खी रात्र तिथे झोपायला मिळेल असं बघा. दोन मिळाल्या तर उत्तम. उतरलात त्या दिवशी दुपारी 'जरा पडतो' म्हणून चार तास झोपू नका, बाहेर उजेडात फिरा आणि तिथल्या रात्रीलाच झोपा.

कनेक्टिंग फ्लाइट एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटं जोडून काही पैसे वाचतात खरे, पण पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं गेलं तर ती दुसऱ्या एअरलाइनची जबाबदारी नाही, नवीन तिकीट तुमच्या खिशातून. शिवाय बॅग मध्ये उतरवून परत चेक-इन करावी लागते, म्हणजे त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे परत व्हिसाचा प्रश्न आलाच.

विमानतळाचं नाव दोनदा वाचा. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी असे बरेच विमानतळ आहेत, टोकियोला नारिता आणि हानेदा. फ्रँकफर्ट-हान नावातच फ्रँकफर्ट आहे, प्रत्यक्षात मुख्य शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दूर. आणि सान होजे कॅलिफोर्नियात पण आहे, कोस्टा रिकात पण, बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अलाबामातही, बुकिंग साइट तुम्हाला हटकणार नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जात असाल तर अजून एक गंमत. युरोपात घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे करतात, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामधल्या दिवसांत दोघांतला फरक एक तासाने बदललेला असतो आणि ऑनलाइन सेशनचे घोळ तेव्हाच होतात. फोनवर ऑटोमॅटिक टाइम चालू ठेवा.

हॉटेल

कॉन्फरन्सला नाव नोंदवलं की काही दिवसांत मेल किंवा फोन येतो, 'आम्ही कॉन्फरन्सचे अधिकृत हाउसिंग पार्टनर, खोल्या संपत आल्यात, आजच कार्ड नंबर द्या.' यातले बरेच लोक आयोजकांचे कोणीच नसतात. वक्त्यांची नावं वेबसाइटवर उघडी असतात, तिथून उचलतात. बुकिंग कधीही कॉन्फरन्सच्या स्वतःच्या साइटवरच्या लिंकवरूनच करा किंवा सरळ हॉटेलला, आणि शंका आली तर आयोजकांना त्यांच्या साइटवरच्या पत्त्यावर मेल करा, आलेल्या मेललाच रिप्लाय मारून विचारू नका.

व्हेन्यूपासून लांबचं स्वस्त हॉटेल घेताना अंतर किलोमीटरमध्ये न बघता सकाळी साडेआठच्या गर्दीत किती मिनिटं लागतात ते मॅपवर बघा. चेक-इनला कार्डावर डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवतात, ती सुटायला नंतर काही दिवस जातात, म्हणून हॉटेलला क्रेडिट कार्ड द्या, डेबिट कार्डातले खरे पैसे अडकतात. युरोपातल्या बऱ्याच शहरांत टुरिस्ट टॅक्स वेगळा असतो, ॲमस्टरडॅममध्ये तर २०२४ पासून खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के, आणि बुकिंगच्या रकमेत तो धरलेला असेलच असं नाही. चीनमध्ये ओळखीच्यांच्या घरी राहणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची असते, हॉटेलात राहिलात तर हॉटेल करतं.

पैसे

दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं, दोन वेगळ्या जागी ठेवलेली, आणि थोडी तिथली कॅश. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा आणि ओटीपी कुठे येणार ते बघा, कारण घरचं सिम बंद ठेवलं की ओटीपी येत नाही आणि दुकानात नाही तरी ऑनलाइन तिकीट काढताना अडतं.

कार्ड मशीनवर कधीतरी स्क्रीन असा येतो, वर तिथल्या चलनातली रक्कम आणि खाली तुमच्या घरच्या चलनातली, 'कशात पैसे भरायचे?' घरच्या चलनाचा आकडा ओळखीचा असतो म्हणून बोट तिकडे जातं. तिथलंच चलन निवडा. घरचं चलन निवडलं की रेट तो दुकानदार किंवा त्याची मशीनवाली कंपनी लावते आणि त्यात त्यांचा कट असतो. एटीएमवर पण हेच, 'कन्व्हर्जन स्वीकारता का' विचारलं की नाही म्हणा, व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात.

मोठी कॅश नेत असाल तर अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर आणि युरोपियन युनियनमध्ये १०,००० युरो किंवा जास्त असेल तर डिक्लेअर करावं लागतं. पण कॉन्फरन्सला एवढी कॅश कशाला लागते देव जाणे.

फोन, नेट, प्लग

विद्यापीठ किंवा रिसर्च संस्थेतले असाल तर एडुरोम, म्हणजे अशा संस्थांचं सामायिक वाय-फाय, ही फुकटची चैन आहे, शंभराहून जास्त देशांत चालते, तिथल्या कॅम्पसमध्ये शिरलात की फोन आपोआप कनेक्ट होतो. पण ते घरीच, आपल्या संस्थेत असतानाच सेट करून एकदा चालवून बघायचं, कारण युजरनेम-पासवर्ड तुमच्याच संस्थेचा लागतो आणि परदेशातल्या आयटीवाल्याला तो दुरुस्त करता येत नाही. बाकीच्यांनी ईसिम घ्यावं, विमानात बसण्याआधी इन्स्टॉल करून ठेवावं. 'युरोप प्लॅन' घेताना स्वित्झर्लंड त्यात आहे का ते वाचा, युरोपियन युनियनमधली रोमिंगची सवलत तिथे लागू नाही आणि बिल बघून डोळे पांढरे होतात.

चीनमध्ये जीमेल, गुगल ड्राइव्ह, व्हॉट्सॲप साध्या नेटवर चालत नाही. स्लाइड ड्राइव्हवर आहेत म्हणून निश्चिंत राहिलात तर तिथे बसून काही करता येत नाही, सगळं लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

प्लग. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, हाँगकाँगला तीन चौकोनी पिनांचा, अमेरिका-कॅनडा-जपानला दोन चपट्या पिनांचा, ऑस्ट्रेलियात तिरक्या चपट्या पिना, युरोपात बहुतेक ठिकाणी दोन गोल. स्वित्झर्लंडमध्ये फोनच्या चार्जरचा बारीक चपटा युरोपियन प्लग बसतो पण लॅपटॉपचा जाड गोल जर्मन टाइपचा प्लग बसत नाही, आणि हे टॉकच्या आदल्या रात्री कळतं. चार्जरवर बारीक अक्षरांत इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा, असेल तर नुसता ॲडॅप्टर पुरे. हेअर ड्रायर, इस्त्री असल्या गोष्टींवर ते बहुधा नसतं, त्या घरीच ठेवा.

औषधं, इन्शुरन्स

रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनसकट, हँडबॅगेत. प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव पण लिहून घ्या. काही देश याबाबत फार कडक आहेत, सर्दीच्या साध्या गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते औषध जपानमध्ये नेताच येत नाही, आणि यूएईमध्ये कोडीन, ट्रॅमाडॉल असली औषधं परवानगीशिवाय नेणं अंगाशी येऊ शकतं. काही देशांत जाताना पिवळ्या तापाच्या लशीचं सर्टिफिकेट मागतात, ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, म्हणजे परत उलटं मोजणं आलं. एकदा घेतली की २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुन्या सर्टिफिकेटवर दहा वर्षं लिहिलेली असली तरी.

शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, पण जिथे सक्ती नाही तिथेही घ्या. व्हीलचेअरची मदत हवी असेल तर एअरलाइनला ४८ तास आधी कळवा आणि व्हेन्यूवाल्यांनाही वेगळं, एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल हे गृहीत धरू नका.

बॅग आणि पोस्टर

टॉकला घालायचे कपडे, लॅपटॉप, चार्जर, औषधं, पासपोर्ट हँडबॅगेत. बाकी सगळं हरवलं तरी टॉक झाला पाहिजे या हिशोबाने भरा.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत अजिबात नाही, नेहमी केबिनमध्ये. १०० वॉट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. वॉट-अवर लिहिलेलं नसेल तर २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ च्या आसपास येते, २७,००० वाली शंभराला टेकते. अक्षरं पुसलेली असतील तर सिक्युरिटीवाले सरळ काढून घेतात. चीनमधल्या देशांतर्गत विमानांत जून २०२५ पासून '३सी' हा चिनी सेफ्टी मार्क नसलेली पॉवर बँक चालत नाही, म्हणजे बीजिंगला उतरून पुढे दुसऱ्या शहरात विमानाने जाणाऱ्यांची मधेच पंचाईत.

पोस्टरचं ए-झीरो म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर. बोर्ड उभा आहे की आडवा ते प्रिंट काढण्याआधी गाइडलाइनमध्ये वाचा. पोस्टरची लांब नळी काही एअरलाइन्स वेगळं सामान धरतात, त्यापेक्षा कापडावर प्रिंट करून घडी घालून न्या, चुरगळलं तरी इस्त्री होते आणि नळी सांभाळत शहरभर फिरायला नको.

उतरल्यावर

इमिग्रेशनला बहुतेक वेळा तीन-चार प्रश्न असतात, कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी. उत्तरं छोटी द्या. 'कॉन्फरन्सला आलोय, चार दिवस, या हॉटेलात, रविवारी परत.' संशोधनावर व्याख्यान सुरू करू नका, आणि 'काम करायला आलोय' असं तर बोलूच नका, तुमच्या डोक्यात पेपर प्रेझेंट करणं हेच काम असतं पण त्यांच्या भाषेत काम म्हणजे नोकरी, आणि मग प्रश्न वाढतात. इन्व्हिटेशन लेटर, हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट, इन्शुरन्स यांचे प्रिंट जवळ ठेवा, फोनची बॅटरी नेमकी लाइनमध्येच संपते. शेंगेन देशांत ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी ईईएस सिस्टिम आली, त्यात स्टॅम्पऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, पहिल्या वेळी नोंदणीला वेळ लागतो. कनेक्टिंग फ्लाइट असेल तर इमिग्रेशन शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होतं, शेवटच्या नाही, त्यामुळे पन्नास मिनिटांचं कनेक्शन घेऊ नका.

शहरात जायला टॅक्सी पकडण्याआधी कॉन्फरन्सच्या साइटवर वाचा, कधी बॅजबरोबर ट्रान्सपोर्ट पास मिळतो. जिनिव्हात हॉटेलं पाहुण्यांना ट्रान्सपोर्ट कार्ड फुकट देतात, लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून बस, ट्राम, ट्रेन सगळ्यांनाच फुकट आहे. जर्मनीत रविवारी पोचत असाल तर दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली आणि विमानतळावरची तेवढी उघडी, काही विसरला असाल तर तिथेच घेऊन टाका.

पोचल्या दिवशीच व्हेन्यूला एक चक्कर मारा आणि जमलं तर बॅज घेऊन टाका, सोमवारी सकाळी रजिस्ट्रेशनची रांग बघवत नाही. स्पीकर रूम असेल तर तिथे लॅपटॉप जोडून बघा, एचडीएमआयचा ॲडॅप्टर स्वतःचा न्या, आणि स्लाइडची पीडीएफ वेगळी ठेवा कारण दुसऱ्याच्या मशीनवर फॉन्ट पळतात, देवनागरी असेल तर नक्कीच.

काही बिनसलं तर

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी बॅगेज काउंटरवर रिपोर्ट लिहून घ्या आणि नंबर जपा, बाहेर पडलात की सिद्ध करणं अवघड होतं. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे (विमानप्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) बॅगेचं नुकसान झालं असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करायची, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवस आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या दिवसांत घेतलेल्या शर्ट-ब्रशच्या पावत्या ठेवा.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिस रिपोर्ट, मग आपल्या देशाची वकिलात, तिथे इमर्जन्सी ट्रॅव्हल डॉक्युमेंट मिळतं. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांची कॉपी आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत असले तर हे काम खूप सोपं होतं. वकिलात दुसऱ्या शहरात असू शकते आणि शनिवार-रविवार बंद, म्हणून आयोजकांना पण लगेच सांगा, त्यांच्याकडे असले प्रसंग निभावलेलं कोणीतरी असतंच. इमर्जन्सी नंबर फोनमध्ये सेव्ह करा, युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये पोलिसांना ११० आणि ॲम्ब्युलन्सला ११९.

परत आल्यावर

पैसे परत मिळवायचे असतील तर बोर्डिंग पास, रजिस्ट्रेशनची पावती, हॉटेलचं फायनल बिल आणि अटेंडन्स सर्टिफिकेट लागतं. हॉटेल चेक-आउटला बिलावर तुमचं आणि संस्थेचं नाव नीट आलंय का ते काउंटरवर उभं राहूनच वाचा, घरी आल्यावर बदलून मागितलं तर मेलवर मेल जात राहतात. ॲपमधला बोर्डिंग पास फ्लाइट झाल्यावर काही वेळाने गायब होतो, त्यामुळे विमानात चढायच्या आधीच स्क्रीनशॉट काढा. अटेंडन्स सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी दुपारी रजिस्ट्रेशन डेस्क आवरायच्या आत मागून घ्या.